राउटरला कसं कळतं डेटा कुठे पाठवायचा? त्याच्याकडे अख्ख्या इंटरनेटचा नकाशा असतो का?

नाही हो, नकाशा कुणाकडेच नसतो, आणि मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. मी एका लहान इंटरनेट प्रोव्हायडरकडे नेटवर्कचं काम करतो. राउटरला एवढंच माहीत असतं की अमुक पत्त्यासाठी पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, शेजारच्या कुठल्या राउटरकडे द्यायचं, तिथून पुढे काय ते त्या शेजाऱ्याने बघायचं.

घरातल्या राउटरचं सोपं असतं, पत्ता घरातला असेल तर घरातच, नाहीतर सरळ प्रोव्हायडरकडे, यालाच डिफॉल्ट रूट म्हणतात. खरं काम पुढे सुरू होतं. मोठ्या नेटवर्कच्या राउटरमध्ये आजच्या घडीला आयपीव्ही४च्याच, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांच्याच, साधारण दहा लाख नोंदी असतात, एकेक पत्ता नाही तर पत्त्यांचे ब्लॉक. पॅकेट आलं की त्याचा पत्ता ज्या ज्या ब्लॉकमध्ये बसतो त्यातला सगळ्यात लहान ब्लॉक जिंकतो. हा एक नियम नीट लक्षात ठेवा.

आता या नोंदी येतात कुठून, तर बीजीपी नावाच्या प्रोटोकॉलने नेटवर्कं एकमेकांना सांगतात की हे पत्ते माझ्याकडे आहेत, शेजारी त्यात आपल्या नेटवर्कचा नंबर जोडून पुढच्याला सांगतो, असं करत ते जगभर पोचतं. मूळ डिझाइनमध्ये सगळा कारभार विश्वासावरच. २४ फेब्रुवारी २००८ला काय झालं बघा. यूट्यूबने १०२४ पत्त्यांचा ब्लॉक जाहीर केलेला होता. पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं म्हणून त्यांनी त्यातल्याच २५६ पत्त्यांची नोंद टाकली, ती देशाबाहेर गेली, वरच्या प्रोव्हायडरने न तपासता पुढे पाठवली आणि लहान ब्लॉक जिंकतो म्हणून जगभरातलं यूट्यूबचं ट्रॅफिक पाकिस्तानकडे वळलं. साधारण दोन तास हे चाललं. यूट्यूबनेही त्याच नियमाचा आधार घेतला, आधी तेच २५६ आणि मग १२८-१२८चे दोन ब्लॉक जाहीर केले. आता सही केलेल्या नोंदी तपासायची सोय आहे, आरपीकेआय म्हणतात, आणि प्रत्येक प्रोव्हायडरने ती लावलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक रूट चुकीचा टाकला गेला होता, पहिला राउटर दुसऱ्याकडे पाठवतोय आणि दुसरा परत पहिल्याकडे. ट्रेसरूट, म्हणजे वाटेतला एकेक राउटर दाखवणारी कमांड, लावलं तर त्याच दोन राउटरचे पत्ते आलटून पालटून, तिसाव्या ओळीपर्यंत. गिऱ्हाइकांचे फोन वाजत होते आणि मला काही सुचेना, शेवटी सीनियरने त्या दोन ओळींवर बोट ठेवलं तेव्हा समजलं. अशी पॅकेट कायमची फिरत राहत नाहीत कारण प्रत्येकावर टीटीएल नावाचा आकडा असतो, विंडोजमध्ये सहसा १२८, लिनक्समध्ये ६४, दर राउटर त्यातून एक कमी करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो.

स्वतः बघायचं असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट (tracert) आणि पुढे कुठल्याही साइटचं नाव टाका. पहिली ओळ तुमच्या घरातल्या राउटरची, नंतर प्रोव्हायडरचे. मध्ये नुसते स्टार दिसले तर घाबरू नका, तो राउटर फक्त उत्तर देत नाहीये, पुढच्या ओळी येत असतील तर पॅकेट नीट पुढे जातंय.