नवसानं लेकरू झालं, मग हे रडते काहून?

यवतमाळ-वाशिमकडच्या गावांतून सासवा, नवरे, कधी खुद्द बाळंतिणीही हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

त्यांतली एक. लग्नाला नऊ वर्षं झालेली. नागपूरला टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, त्यासाठी एक एकर विकलेलं. बाळ अडीच महिन्यांचं, गुटगुटीत. ही मात्र रात्रभर त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसायची. सुरुवातीला एकच बोलायची, "इतका पैसा लावला, आता कोन्त्या तोंडानं रडू?"

घरच्यांना मी आधी शरीराचं सांगते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन काही दिवसांतच झपाट्यानं खाली येतात. गरोदरपणात चढलेलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तेही वार पडल्यावर उतरतं. सुरुवातीचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, उपचार हवेत.

पण संप्रेरकं तर सगळ्याच बाळंतिणींची उतरतात. म्हणून एकदा मी बाळाचा विषयच काढला नाही. विचारलं, "उपचारातला सगळ्यात जड दिवस कोणता?"

ती बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. "दोनदा पोटात गर्भ सोडला, दोनदा रिपोर्ट निगेटिव्ह. दुसऱ्या खेपेले त्याच दिवशी कापूस वेचाले गेली मी. माह्ये दोन गेले न् एक आलं, ताई. सारे आलेल्याचंच बोलतात."

नवरा खाली मान घालून म्हणाला, "मी बी मोजले व्हते."

त्या दिवशी दोघं पहिल्यांदा एकमेकांसमोर रडले. मी मध्ये बोलले नाही. आशा धरली की घात होतो, हे वर्षानुवर्षं शिकलेलं मन पाळण्यातल्या बाळावरही भरवसा ठेवत नव्हतं. अशा घरांत मी आता बाळाच्या आधी गेलेल्यांबद्दल विचारते, आणि बहुतेकदा तिथूनच बोलणं सुरू होतं.

नुसत्या बोलण्यानं मात्र भागलं नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी थायरॉइड तपासलं, अंगावर पाजताना चालेल असं औषध दिलं. अर्धी रात्र बाळ सासूबाईंनी घेतलं. सुधारायला काही महिने लागले.

आशाताई ४२व्या दिवसापर्यंत बाळाला बघायला घरी येतात, तेव्हा आईची झोप, रडू हेही सांगा. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फुकट, मराठीत बोलता येतं. मरणाचे किंवा बाळाला इजा करायचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोवर तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका.