आधी गिऱ्हाईक, मग बोली

अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन लिलावात जुन्या वस्तू घेऊन पुन्हा विकायच्या, म्हणून तू पाठवलेली यादी वाचली. जवळजवळ प्रत्येक वस्तूपुढे 'स्वस्तात जातेय' असं लिहिलंयस. ती तुझ्याकडून कोण घेईल, हे मात्र एकीपुढेही नाही. या धंद्यात तोच रकाना आधी भरायचा असतो.

लिलावाच्या कॅटलॉगमधला किमतीचा अंदाज कमी दिसला म्हणजे माल स्वस्तात मिळेल, असं नाही. 2022 च्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या एका लिलावात निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाणीचा अंदाज दीड ते दोन हजार युरो होता, कारण तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली ठरवली होती. बोली लावणाऱ्यांपैकी काहींना ती अठराव्या शतकातली वाटली आणि हातोडा पडला तो 77 लाख युरोंवर. खरं कोणाचं, या वादात मी पडत नाही. पण कॅटलॉग चुकला असं दोघांना जरी वाटलं, तरी स्वस्ताई संपते, आणि ऑनलाइन लिलावात तर जगभरचे जाणकार एकाच वेळी हजर असतात. तुझ्यासाठी उरतो तो त्यांच्या नजरेतून सुटलेला लॉट, म्हणजे एका बोलीत विकली जाणारी वस्तू किंवा गठ्ठा: चुकीच्या वर्गात टाकलेला, कारागिराच्या नावाचं स्पेलिंग चुकलेला, अंधुक फोटोचा, किंवा 'किरकोळ धातूच्या वस्तू' म्हणून खोक्यात कोंबलेला.

तो ओळखायचा तर एक अरुंद विषय तोंडपाठ हवा. तुझ्या यादीत घड्याळं, नाणी, चिनी माती, कपाटं, सगळंच आहे. कपाटं तर आजच खोड, वाहतूकच नफा खाऊन टाकते. माझं ऐकशील तर चांदीपासून सुरुवात कर. चिनी मातीच्या भांड्याला केसाएवढी चीर गेली तरी बहुतेक किंमत गेली. चांदीचं भांडं चेपलं तरी धातूचा भाव शिल्लक राहतो. शिवाय चांदी स्वतःबद्दल बरंच सांगते. जुन्या इंग्लिश भांड्यावर बहुधा चांदीची शुद्धता सांगणारा चालता सिंह, शहराचा शिक्का, वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं सापडतात. बर्मिंगहॅमचा शिक्का जहाजाचा नांगर, शेफील्डचा आधी मुकुट, 1975 पासून गुलाब. युरोपात इतरत्र बऱ्याचदा 800, 830, 925 असे आकडे दिसतात, म्हणजे हजारात किती भाग चांदी. वर्षाचं अक्षर वाचताना नुसत्या अक्षरावर जाऊ नकोस. तेच अक्षर ठरावीक वर्षांनी परत येतं, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतालच्या ढालीसारख्या चौकटीचा आकारही जुळला पाहिजे, आणि तोही त्याच शहराच्या तक्त्याशी.

फसवणारे शिक्केही भरपूर आहेत. 'ईपीएनएस' म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा. मुलाम्याचे कारखानदार आपली अक्षरं ढालींच्या ओळीत अशी छापत, की घाईत ती खरी हॉलमार्क वाटावीत. मेणबत्तीचे स्टँड आणि सुऱ्यांच्या मुठी पुष्कळदा आतून दुसऱ्याच पदार्थाने भरलेल्या असतात, तेव्हा वर्णनातल्या एकूण वजनावरून चांदीचा हिशोब मांडू नकोस. भांड्यावरची कोरलेली आद्याक्षरं कोणी घासून काढली असतील तर तिथला पत्रा पातळ होतो. फोटोत तिथलं प्रतिबिंब वाकडं दिसतं. म्हणून तळाचा, शिक्क्यांचा आणि तिरप्या उजेडातला असे फोटो मागव. विक्रेता देत नसेल तर तो लॉट सोड. जुन्या चहादाणीच्या मुठीत उष्णता अडवायला घातलेल्या पांढऱ्या चकत्या पुष्कळदा हस्तिदंताच्या असतात. 1975 पासून अमलात असलेल्या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारामुळे आणि देशोदेशींच्या कायद्यांमुळे अशी वस्तू सीमेपलीकडे पाठवणं अवघड, कित्येक ठिकाणी विकणंसुद्धा. नफ्याचं गणित त्या दोन चकत्यांवर अडकतं.

आता हिशोब, आणि तो उलटा मांडायचा. विक्रेते मागतात तो भाव बघू नकोस, मागायला कोणाचं काय जातं! तशाच वस्तू प्रत्यक्ष कितीला विकल्या गेल्या, ते बघ. समज, तशी वस्तू 100 ला विकली जाते. विक्रीचं कमिशन आणि पैसे वळते करण्याचा खर्च 15 धर, राहिले 85. तुला 25 हवेत, उरले 60. आणणं, बांधणं, किरकोळ दुरुस्ती यांचे 12 काढ, 48. लिलावगृह हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे जिंकलेल्या बोलीवर, 25 टक्के बायर्स प्रीमियम (घेणाऱ्याकडून वरचं शुल्क) घेत असेल, तर 48 ला सव्वाने भाग. तुझी बोली 38 वर थांबली पाहिजे, कर लागत असेल तर त्याच्याही खाली. 60 ला घेऊन 100 ला विकणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा नफा कुठे जातो, ते त्यांनाच कळत नाही.

हा आकडा शांत डोक्याने ठरव आणि कमाल बोली म्हणून एकदाच भर. मग तुझ्या वतीने यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवते. ठरल्या मिनिटाला बंद होणाऱ्या लिलावात ती शेवटच्या क्षणी भरावी, म्हणजे तुझी आवड इतरांना आधी कळत नाही. उशिरा बोली आली की वेळ वाढवणाऱ्या लिलावात या युक्तीचा फारसा उपयोग नाही. गर्दी वाढली की आपणही चढावं, असं वाटतं. उलट कर. 1971 मध्ये तेलक्षेत्रांच्या लिलावांवर लिहिताना तीन अभियंत्यांनी दाखवलं होतं, की प्रत्येक जण अंदाजाने बोली लावतो तेव्हा जिंकतो तो सहसा सर्वांत फुगलेला अंदाज. बोली लावणारे जितके जास्त, तितका हा धोका मोठा.

विकताना वस्तू चकचकीत करायचा मोह आवर. चांदी हलक्या हाताने पुसलीस तर चालेल. पॉलिशच्या यंत्रावर धरलीस तर कोरीवकामाच्या कडा जातात आणि संग्राहक तोंड फिरवतो. चेप, डाग, झाळून जोडलेला सांधा, हे सगळं वर्णनात आधी लिही आणि फोटोतही दाखव. परत आलेल्या वस्तूचा जाण्यायेण्याचा खर्च बहुधा विकणाऱ्याच्याच माथी बसतो. सहा महिन्यांत गिऱ्हाईक मिळालं नाही तर तोटा सोसून काढून टाक, पैसे मोकळे कर.