जुन्या गोष्टीवरून नवी कथा लिहिली तर ती चोरी होते का?

तुमची अर्धी कथा लिहून झाली आणि मग लक्षात आलं की तिचा सांगाडा लहानपणी ऐकलेल्या गोष्टीचा आहे. ही चोरी का, आणि मोठे लेखक हे कसं निभावतात, असं तुम्ही विचारलंय.

कथा फाडू नका. सांगाडा उसना असला तरी बिघडत नाही. त्यात तुम्ही काय बदललंत आणि कशासाठी, ते बघा.

शकुंतलेचंच घ्या. आपल्याला आठवते ती अंगठी, दुर्वासांचा शाप, माशाच्या पोटात सापडलेली खूण. यातलं काहीच महाभारतात नाही. आदिपर्वातला दुष्यंत काही विसरलेला नसतो. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, त्याला सगळं आठवत असतं, तरी तो सरळ नाही म्हणतो. तीही गप्प बसत नाही. दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसत नाहीत, असं भर सभेत सुनावते. माझाच मुलगा गादीवर बसेल, अशी अट लग्नाआधी घालून घेतलेली बाई ती! पुढे आकाशवाणी झाल्यावर राजा कबूल करतो की मला माहीत होतं, पण नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती.

कालिदासाला असा खोटं बोलणारा नायक चालणार नव्हता. म्हणून शाप आला. शापाने आठवण गेली, म्हणजे राजा निर्दोष. आठवण परत यायला निमित्त हवं, म्हणून अंगठी. ती हरवायलाही हवी आणि सापडायलाही, म्हणून मासा आणि कोळी. एक धागा ओढला की बाकीचं असं मागोमाग येतं. आणि त्यातूनच सहाव्या अंकातला राजाचा पश्चात्ताप मिळाला, जो महाभारतातल्या राजाला कधी झालाच नाही. किंमतही मोजावी लागली. शकुंतलेची धार कमी झाली. नाटक थोरच आहे, पण खरं सांगू? मला ती बेलफळवाली जास्त आवडते.

कधी बदल अगदी छोटा असतो. पंचतंत्रातला ब्राह्मण सातूच्या पिठाचं मडकं खुंटीला टांगून झोपतो. पीठ विकून शेळ्या, मग गाई, मग लग्न, मग मुलगा, अशी स्वप्नं रंगवत जातो, स्वप्नातल्या बायकोला लाथ मारतो आणि मडकं फोडून पांढराफटक होतो. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने हे कथाभांडार अरबीत नेलं, तिथे पिठाचं तूप आणि मध झाला, लाथेची काठी झाली. 1678 साली फ्रान्सच्या ला फोंतेन या कवीच्या गोष्टीत डोक्यावर दुधाचं भांडं घेऊन बाजाराला निघालेली गवळण आली. तिच्या स्वप्नातलं वासरू उड्या मारतं, तशी तीही उडी मारते आणि दूध सांडतं. आधीचं मडकं रागाने फुटलं होतं, इथे आनंदाने सांडलं. एवढ्यानेच ब्राह्मणाला हसणारे आपण त्या गवळणीसाठी हळहळतो. त्याच संग्रहाच्या प्रारंभी ला फोंतेनने यातल्या बहुतेक गोष्टी पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञान्याच्या आहेत, असं मोकळेपणाने सांगून टाकलंय. तुम्हीही सांगा, काही कमी होत नाही.

उलटा प्रकारही होतो. लिअर राजाला जुन्या कथेत राज्य परत मिळतं. शेक्सपिअरने त्याला आणि धाकट्या मुलीला मारलं, तर 1681 मध्ये नेहम टेट नावाच्या कवीने शेवट पुन्हा गोड केला. पुढची सुमारे दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर तोच गोड लिअर चालला.

माझी फजिती सांगतो. मी एकदा कर्णाला ऑफिसात नेऊन बसवलं. कवचकुंडलांच्या जागी बढती, इंद्राच्या जागी साहेब. दुसऱ्या पानावरच कुणालाही सगळं कळावं आणि पुढे वाचायला काही उरू नये, अशी ती कथा होती. मी फक्त कपडे बदलले होते. मूळ गोष्टीला विचारायला माझ्याकडे प्रश्नच नव्हता.

गिरीश कर्नाडांकडे होता. महाभारतातल्या पुरूने बापाचं, ययातीचं, म्हातारपण घेतलं, हे आपण पितृभक्ती म्हणून ऐकत आलो. पण रात्रीतून म्हातारा झालेल्या त्या मुलाच्या बायकोचं काय? ‘ययाति’ नाटकात त्यांनी चित्रलेखा उभी केली, आणि ती हे सोसायला नकार देते. लहानपणी ती गोष्ट ऐकताना तुम्ही कुठे अडला होतात, कुणाबद्दल ‘मग त्याचं पुढे काय झालं?’ असं विचारलं होतंत, ते आठवून बघा. उरलेली अर्धी कथा बहुधा तिथूनच निघेल.

एक मात्र जपा. पुरू सगळ्यांचा आहे, चित्रलेखा कर्नाडांची. जुनी म्हणून आपण जी गोष्ट उचलतो, तिच्यात अलीकडच्या कुणी लेखकाने घातलेला भाग मिसळलेला नाही ना, हे मूळ काढून तपासून घ्या.