इंदूरला राहून पहिला पेंटबॉल मार्कर कोणता घ्यावा?

आपला प्रश्न असा आहे की, आजवर ग्राउंडवरच्या भाड्याच्या मार्करने, म्हणजे रंगाच्या गोळ्या फेकणाऱ्या बंदुकीने, खेळलो, आता स्वतःचा घ्यायचा आहे, तर तो मेकॅनिकल घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, आणि इंदूरमध्ये राहणाऱ्याने कोणते मॉडेल पाहावे. मीही इंदूरचाच आहे आणि माझ्या मते आधी एक वेगळी गोष्ट ठरवायला हवी : मार्करमध्ये भरायचा वायू आपल्याला कोणता आणि कोठे मिळणार आहे? परदेशी परीक्षणे वाचून मार्कर निवडणारे हा प्रश्न सोडून देतात, कारण तिकडे बाटली भरून देणारी दुकाने असतात. आपल्याकडे मात्र सगळी निवड याच एका गोष्टीवर अडते.

पर्याय दोनच आहेत, कार्बन डायऑक्साइड किंवा उच्च दाबाची साधी हवा. कार्बन डायऑक्साइड मिळायला सोपा, कारण अग्निशामक सिलिंडर भरणारे आणि सोड्याचा गॅस पुरवणारे त्याचाच व्यवहार करतात. अडचण त्याच्या स्वभावात आहे. बाटलीत तो द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो : १० अंश सेल्सिअसला सुमारे ४५ बार (बार हे दाबाचे एकक), २० अंशांना सुमारे ५७ बार आणि ३१ अंशांना सुमारे ७४ बार. या ३१ अंशांच्या वर तो द्रवरूपात राहूच शकत नाही आणि मग बाटली जितकी भरलेली असेल त्या मानाने दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्यात तो ४० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे सकाळी वेग मोजून लावलेला मार्कर त्याच दिवशी दुपारी धोकादायक वेगाने गोळी फेकू शकतो. उलट भराभर गोळ्या झाडल्या की बाटली गार पडते, दाब उतरतो आणि गोळी अलीकडेच पडते. मार्कर खाली झुकवला तर द्रवच आत शिरतो. म्हणून हा वायू वापरणाऱ्याने वेग दिवसातून एकदा मोजून थांबू नये, ऊन चढल्यावर पुन्हा मोजावा. बहुतेक ठिकाणी वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर मानली जाते आणि पुष्कळ ग्राउंडवर ती २८० फुटांवर आणलेली असते.

उच्च दाबाच्या हवेत यांपैकी बहुतेक कटकटी नसतात. बाटलीत ३००० किंवा ४५०० पीएसआय (हेही दाबाचेच एकक) हवा असते आणि तिच्या तोंडाचा रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी करणारा भाग, ती साधारण ८०० पीएसआयवर आणून मार्करला देतो, त्यामुळे वेग दिवसभर जवळपास सारखा राहतो. प्रश्न भरण्याचा आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा येथे काडीचाही उपयोग नाही, कारण तो साधारण १० बारपर्यंतच जातो, आणि आपल्याला २०० बारांहून अधिक हवे असतात. येथे नेमबाजांकडे चौकशी करावी असे मी सुचवीन. १० मीटर एअर रायफलचे सिलिंडर सहसा २०० बारांपर्यंत भरतात, म्हणजे जवळजवळ २९०० पीएसआय, आणि ३००० पीएसआयची ॲल्युमिनियमची बाटली अगदी त्याच पट्ट्यात बसते. इंदूरजवळच्या महूला तर सेनेचे मार्क्समनशिप युनिटच असल्यामुळे या भागाला नेमबाजी परकी नाही. एखाद्या रेंजवर आपली ओळख असेल, त्यांची परवानगी मिळाली आणि दोन्हींच्या जोडणीत बसणारा ॲडॅप्टर हाती असला, तर निम्मा प्रश्न सुटतो. नाहीतर चार-पाच खेळाडूंनी मिळून एअर रायफलसाठी विकला जाणारा छोटा विजेचा कॉम्प्रेसर घ्यावा. एक गोष्ट मात्र कोणी कितीही सांगितले तरी करू नये : वेल्डिंगवाल्याच्या ऑक्सिजनने ही बाटली कधीही भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतले ग्रीस एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

आता मार्कर. भराईची खात्रीशीर सोय अजून झालेली नसेल, तर दोन्ही वायूंवर चालणारा, ब्लोबॅक पद्धतीचा मेकॅनिकल मार्कर घ्यावा. टिपमन ९८ कस्टम किंवा टिपमन क्रोनस ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. त्याची रचना समजायला सोपी आहे : ट्रिगर ओढताच हॅमर पुढे जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो, सुटलेल्या वायूचा एक भाग गोळी फेकतो आणि दुसरा भाग हॅमरला पुन्हा मागे ढकलतो. आवाज मोठा, धक्का जाणवणारा आणि वायू थोडा जास्त खाणारा, पण धूळ सहन करणारा, आणि घरी ॲलन की घेऊन उघडता येणारा. हवेची सोय पक्की असेल तर प्लॅनेट एक्लिप्सचा एमेक पाहावा. तोही मेकॅनिकलच आहे, पण हॅमरऐवजी सरकणाऱ्या स्पूल व्हॉल्व्हमुळे कमी दाबावर, हळुवारपणे चालतो आणि नाजूक गोळ्या नळीत फोडत नाही. मात्र त्याला कार्बन डायऑक्साइड चालत नाही.

इलेक्ट्रॉनिक मार्कर पहिला म्हणून मी सुचवणार नाही. सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बिघडला किंवा सर्किट बोर्ड गेले तर ते दुरुस्त करणारा आपल्या शहरात शोधावा लागेल, आणि त्याच्या वेगवान माऱ्याने गोळ्यांचा खर्चच आधी वाढतो. तसे पाहिले तर वेगवान मारा हा या खेळाचा गाभाही नव्हे. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये १२ जणांनी जो पहिला सामना खेळला, त्यात झाडांवर खुणा करण्यासाठी बनवलेली पिस्तुले वापरली होती आणि जिंकणाऱ्या वनकर्मीने एकही गोळी न झाडता सगळे झेंडे गोळा केले होते.

पैसे कमी पडत असतील तर मार्करवर वाचवावे, मास्कवर नाही. एएसटीएम एफ१७७६ हे मानक पाळणारा आणि दुहेरी काचेचा मास्क घ्यावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत एकेरी काच धुक्याने भरते आणि खेळाडू ती पुसण्यासाठी मास्क वर करतो, जे मैदानावर कधीच होता कामा नये. नळीवर चढवायचे कापडी आवरण आणि साधा २०० गोळ्यांचा हॉपर (मार्करवर बसणारा गोळ्यांचा डबा) इतके सुरुवातीला पुरते. गोळ्यांचे कवच जिलेटिनचे असल्यामुळे त्या उन्हात गाडीत ठेवू नयेत, आणि पावसाळ्यात तर सीलबंद पिशवी गरजेपुरतीच उघडावी.

कायद्याचा भाग टाळता येणार नाही. ०.६८ कॅलिबरच्या मार्करची नळी १७ मिलिमीटरांहून मोठी असते, आणि शस्त्र नियम, २०१६ मध्ये हवाई शस्त्रांसाठी ऊर्जेची २० जूल आणि व्यासाची ४.५ मिलिमीटर अशा मर्यादा दिलेल्या आहेत. साधारण ३ ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा सुमारे १२ जूल भरते, म्हणजे ती मर्यादेच्या आत आहे, पण व्यास आत नाही. त्यामुळे परदेशातून मागवण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेकडून लेखी उत्तर घ्यावे; विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये, कारण सीमाशुल्कात अडकलेले पार्सल सोडवायला तो येत नाही. दाबाची बाटली गॅस सिलिंडर नियमांखाली येते आणि तो विषय नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेकडे आहे, म्हणून बाटली शक्यतो देशातच, कागदपत्रांसह घ्यावी.

जुना मार्कर मिळत असेल तर घ्यायला माझी हरकत नाही. बाटली जोडून काही मिनिटे कानाशी धरावी. फुसफुस ऐकू आली तर बहुधा ओ-रिंग, म्हणजे जोडातून वायू गळू न देणारी गोल रबरी कडी, गेलेली असते, आणि ती बदलणे स्वस्त आहे. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीला मात्र सियागंज बाजारात मिळणारी साधी काळी नायट्राइल रिंग न लावता पॉलियुरेथेनची लावावी, कारण नायट्राइल हा वायू शोषून फुगते आणि फाटते. बाटलीच्या मानेजवळ शेवटच्या दाबचाचणीची तारीख कोरलेली असते. तिला ५ वर्षे उलटून गेली असतील, तर मार्कर घ्यावा आणि बाटली विकणाऱ्याकडेच राहू द्यावी.