शिरेबाहेर सांडलेल्या औषधाची परीक्षा

प्रश्न : माझ्या आईची केमोथेरपी सुरू आहे. लाल रंगाचे औषध शिरेतून देताना परिचारिका सतत जवळ बसून असतात आणि ‘आग होते का, दुखते का’ असे पुन्हा पुन्हा विचारतात. औषध वापरात येण्यापूर्वी ते त्या जागेला सोसते की नाही हे तपासलेले नसते का? तपासलेले असेल, तर मग एवढी धास्ती कशासाठी?

उत्तर : तपासलेले असते. मात्र औषध निरुपद्रवी आहे असे सिद्ध करणे हा त्या तपासणीचा हेतू नसतो. कर्करोगावरची अनेक औषधे पेशी मारण्यासाठीच घडवलेली असल्याने ती शिरेबाहेर गेली, तर तिथल्या निरोगी पेशींनाही इजा करतील हे धरूनच चालावे लागते. इजा किती खोल जाते, किती दिवसांनी दिसू लागते आणि ती भरून येते की नाही, हे या चाचणीतून शोधायचे असते. तिला स्थानिक सहनशीलता चाचणी म्हणतात आणि ती प्राण्यांवर करतात.

तिच्यात नुसते मूळ रसायन नव्हे, तर रुग्णाला प्रत्यक्ष दिले जाणार आहे ते द्रावण तपासतात, आणि मला हा तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. द्रावण किती आम्ल आहे, किती तीव्र आहे, औषध कशात विरघळवले आहे, यांवर बरेच काही ठरते. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याच्या जुन्या स्वरूपात एरंडेलापासून बनवलेला द्रावक आणि अल्कोहोल वापरतात. अशा वेळी प्राण्यांच्या एका गटाला औषधाविना फक्त द्रावक देऊन पाहिले नाही, तर दाह कशामुळे झाला हे कळणारच नाही. सशाच्या कानाची शीर पातळ त्वचेतून स्पष्ट दिसते, त्यामुळे तिच्यात इंजेक्शन देऊन लाली आणि सूज रोज नोंदवतात. चुकून सुई सरकली तर काय होईल हे पाहण्यासाठी थोडे औषध मुद्दाम शिरेशेजारीही टोचतात. शेवटी त्या जागेचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पेशी मेल्या का, शिरेत गुठळी झाली का, हे ठरवतात.

आता धास्तीविषयी. तुम्ही लिहिलेले लाल औषध बहुधा डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच्या कुळातले असावे. ते पेशीच्या डीएनएला घट्ट चिकटते आणि पेशी मेली तरी नष्ट होत नाही. मेलेल्या पेशीतून सुटून शेजारच्या पेशीत शिरते. म्हणूनच अशी जखम काही आठवडे वाढत, खोल जात राहू शकते. विनक्रिस्टीन हे कर्करोगावरचे दुसरे औषध डीएनएला असे चिकटत नाही. दोन्ही औषधे ऊतींना जाळणारीच, पण वागणे वेगळे असल्याने उपचारही उलट आहेत : डॉक्सोरुबिसिन सांडले तर त्या जागेवर थंड शेक देतात, विनक्रिस्टीन सांडले तर गरम. डॉक्सोरुबिसिनवर डेक्सराझोक्सेन हा उतारा आहे, परंतु त्याची पहिली मात्रा सहा तासांच्या आत द्यावी लागते. तेच डॉक्सोरुबिसिन मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत भरून दिले, तर अशी खोल जखम होण्याचा धोका बराच कमी होतो.

चाचणीतला प्राणी निरोगी असतो आणि त्याच्या शिरा शाबूत असतात. आधीच्या उपचारांनी शिणलेल्या शिरांची परीक्षा त्याच्यावर होत नाही, आणि आग होते आहे हे तो सांगूही शकत नाही. आईला हात दुखला, चुरचुरला किंवा नुसता ताणल्यासारखा वाटला, तरी त्यांनी तत्क्षणी सांगावे. थोडे थांबून पाहू, असे या औषधांच्या बाबतीत करू नये.

प्रश्न : यासाठी प्राणी वापरणे टाळता येणार नाही का?

उत्तर : काही अंशी टाळले जाऊ लागले आहे. द्रावणाने तांबड्या पेशी फुटतात का, हे रक्ताचा नमुना घेऊन परीक्षानळीत पाहता येते. त्वचेला होणाऱ्या दाहासाठी १९४४ पासून प्रचलित असलेल्या सशावरील ड्रेझ चाचणीच्या जागी मानवी पेशींपासून वाढवलेली त्वचा वापरण्याची पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेने २०१० मध्ये मान्य केली. शिरेच्या आत आणि भोवती काय घडते याला मात्र अजून तसा पुरेसा पर्याय नाही. तरीही त्यासाठी वेगळे प्राणी घेण्याची गरज बहुतेकदा नसते. औषधांच्या नियमांत देशोदेशी एकवाक्यता आणणाऱ्या आयसीएच या संस्थेची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे असे सुचवतात, की सर्वसाधारण विषारीपणाच्या अभ्यासात औषध रुग्णाला द्यायच्या मार्गानेच द्यावे आणि टोचल्या जागेची तपासणी त्याच प्राण्यांत उरकावी. शिरेशेजारी मुद्दाम टोचण्याच्या स्वतंत्र चाचणीबाबत मात्र त्याच तत्त्वांत मतभेद नोंदलेला आहे : युरोप आणि जपान ती करावी असे म्हणतात, तर अमेरिका सहसा तिची मागणी करत नाही.