पहिला पेपर पाठवण्याआधी

अगं, पीएचडीच्या प्रकरणाला कात्री लावून त्याचाच पेपर करू नकोस. पेपरने एकच प्रश्न धरायचा असतो. ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० : संधी आणि आव्हाने’ असले लेख ढिगाने येतात. त्यापेक्षा तुझ्याच कॉलेजात बघ. स्वायत्तता मिळाल्यावर परीक्षेचं काम कोणावर पडलं? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना अभ्यासक्रम ठरवताना कोणी विचारतं का? हे परदेशी वाचकालाही हवं असतं. फक्त २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा त्याला दोन ओळींत समजावून सांग.

जर्नल निवडताना घाई नको. यूजीसी-केअर यादी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची यादी, जिचं काम आपल्याच पुणे विद्यापीठातून चालायचं, ती २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख आपणच करायची. गेल्या दोन वर्षांचे अंक वाच, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का ते तपास. ‘पैसे भरा, आठ दिवसांत छापतो’ म्हणणाऱ्याला उत्तरही देऊ नकोस. माझा एक चांगला लेख असाच वाया गेला, अजून सलतं. आणि एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवायचं नाही, कधीच नाही.

परीक्षकांचे शेरे आले की एक रात्र जाऊ दे, मग एकेका शेऱ्याला उत्तर लिही. मसुदा झाला की घेऊन ये. शनिवारी मी जयकर ग्रंथालयातच असते.