मन वळवणारं भाषण रचताना ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग कसा करायचा?

ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवावं हे तुम्हाला व्यवस्थापन समितीला पटवायचंय, वेळ आठ मिनिटं आहे, मुद्दे ढीगभर आहेत आणि मांडणी जमत नाहीये. अशा वेळी बहुतेक जण इथॉस, पॅथॉस, लोगॉस या तिघांकडे धावतात आणि भाषणाचे तीन तुकडे करतात. पण अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेल्या या मन वळवण्याच्या तीन वाटा आहेत. वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद भाषणभर एकत्रच चालतात. त्यांच्यावरून मांडणी ठरत नाही.

माझं ठाम मत आहे की सुरुवात 'स्टेसिस'पासून करावी, म्हणजे वाद नेमका कुठे अडलाय ते आधी शोधावं. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हर्मागोरस या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाने ही पद्धत न्यायालयातल्या वादांसाठी बसवली. तिचे चार प्रश्न असे: गोष्ट घडली का? घडली असेल तर तिला म्हणायचं काय? ती योग्य होती का? आणि निवाडा करायचा अधिकार समोर बसलेल्यांना आहे का?

हेच तुमच्या विषयाला लावून बघा. संध्याकाळनंतर वाचायला जागा मिळत नाही हेच समितीला मान्य नसेल, तर नोंदी आणि उदाहरणं गोळा करा. अडचण मान्य आहे, पण 'ही ग्रंथालयाची जबाबदारी नव्हे' असं म्हणणं असेल, तर ग्रंथालय कशासाठी असतं यावर बोलावं लागेल. जबाबदारीही मान्य असेल आणि गाडी खर्चावर अडली असेल, तर खर्चाबद्दलच बोला. आणि मंजुरी वरून यावी लागत असेल, तर समितीकडे परवानगी मागून उपयोग नाही, शिफारस मागा. गाठ जिथे असेल तिथे निम्मा वेळ द्या. जे आधीच मान्य आहे तेच पटवत बसल्यामुळे कितीतरी चांगली, तळमळीची भाषणं वाया जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे ठरलं की रोमन आराखडा सोपा आहे: प्रास्ताविक, हकीकत, विभागणी, समर्थन, खंडन, समारोप. हकीकत मिनिटभरात उरका. विभागणी मात्र गाळू नका. रोमन वक्ता सिसेरो याच्या मते विभागणीचा एक प्रकार असा, की आपण कुठवर सहमत आहोत आणि वाद कशावर उरलाय हे सांगून टाकायचं. समर्थनात सगळ्यात भक्कम मुद्दे सुरुवातीला आणि शेवटी ठेवा, मध्यम मुद्दे मधे. हा सल्ला 'ऱ्हेटोरिका अ‍ॅड हेरेन्नियम' या इ.स.पू. पहिल्या शतकातल्या ग्रंथातला आहे. शेवटचं ऐकलेलं ताजं राहतं, हे कारणही तिथेच दिलंय.

खंडन समर्थनानंतरच आलं पाहिजे असं नाही. विरोधाचे मुद्दे बरेच असतील तर ते आधी हाताळा, असं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. समितीच्या मनात खर्च ठाण मांडून बसला असेल, तर तो बाजूला सारल्याशिवाय तुमचं बाकीचं कुणी ऐकणार नाही. बोलताना आक्षेप त्यांच्याच शब्दांत आणि पूर्ण ताकदीने मांडा: "रात्रीचा पहारा वाढेल, विजेचं बिल वाढेल, ही काळजी रास्त आहे. म्हणूनच आम्ही अख्खी इमारत मागत नाही, तळमजल्यावरचा एक वाचनकक्ष मागतोय." या दोन वाक्यांत युक्तिवाद आहे आणि तुमच्याविषयीचा विश्वासही तयार होतो.

समारोपात दोषारोप नको. कोणाचं चुकलं हा प्रश्न भूतकाळाचा, अ‍ॅरिस्टॉटलच्या वर्गवारीत तो न्यायालयातल्या भाषणांचा. तुमचं भाषण पुढे काय करायचं याचं आहे. म्हणून मागणी अशी करा की लगेच हो किंवा नाही म्हणता येईल: एक कक्ष, तीन महिने, मग आढावा.

प्रास्ताविक सगळ्यात शेवटी लिहा. सिसेरोच्या 'दे ओरातोरे' या वक्त्यांच्या संवादाच्या रूपातल्या ग्रंथात अँटोनियस नावाचा वक्ता हेच सांगतो, की आधी काय बोलायचं त्याचा विचार मी सगळ्यात शेवटी करतो. समिती आधीच नाराज असेल, तर थेट मागणीने तोंड उघडू नका. ग्रंथालय चांगलं चालावं ही त्यांचीही इच्छा आहे, तिथून सुरुवात करा आणि मग हळूच दहा वाजण्याकडे या.